साळुबाईच्या बदामाच्या वड्या

...बदाम खा म्हणे! अवो, सांगणाऱ्याचं काय जातंय? खाणाऱ्याला दात नकोत? तुमाला सांगतो, आमच्या बोरी गावात माझ्या भिंतीला भिंत लावून ऱ्हातो तो हौशीराम, त्याच्या साळुबाईला इसर पडाया लागला. आधी चष्मा, मग चुलीवरचं दूध, मग लेकाचं नाव... आन् एक दिवस खुद्द हौशीरामच! ह्यानं च्या मागितला, तर म्हणती कशी, "पावणं, कुठलं म्हणायचं तुमी?"

डॉक्टर म्हणला, हे वाढतच जाणार, जीव लावा. पण पुण्याहून लेकाचा, सुदर्शनचा फोन, "दादा, मोबाईलवर आलंय, बदामानं मेंदू तरतरीत, हृदय ठणठणीत, आईला रोज द्या!" बदाम खा म्हणे! हौशीराम जुन्नरला, अन्सारभाईच्या मेव्याच्या दुकानात. अन्सारभाई सरळ माणूस, राव! "भाऊ, बदाम चांगलाच, ताकद देतो, भिजवून सोलून द्या. पण गेलेलं परत आणील, असं मी नाय सांगणार." ह्यानं ऐकलं? पिशवी गच्च भरली की!

मग काय इचारता! जन्मात ज्यानं ताट उचललं न्हाई, तो खलबत्ता घेऊन बसला! दुधात बदाम, शिऱ्यात बदाम, शेवटी दातांवाचून खाता येतील अशा मऊ वड्या... घर नुसतं वेलदोड्यानं घमघमतंय, आन् मी भिंतीअलीकडं कांदा-भाकर चावतोय!

तर एक दिवस मी तिथंच बसलेलो, ह्याला साळुबाईच्या पदराला गाठ दिसली. आत समद्या वड्या!

"साळे, खाल्ल्या का न्हाईस गं?"

"हळू बोला! आमच्या मालकांसाठी ठेवल्यात. त्यांना गोड लई आवडतं."

"अगं... मीच तुझा मालक!"

तिनं झर्रकन पदर डोईवर ओढला. "लाज न्हाई वाटत, पावणं? ह्या वयात? माझं मालक तरणंताठं हायेत. शेतावर गेल्यात, येतील आता."

बदाम खा म्हणे! हौशीरामनं खुंटीवरची टोपी डोईवर ठिवली, म्हणला, "बाई, मी शेताकडंच निघालोय. द्या, पोचवतो."

तिनं गाठ सोडली, वड्या त्याच्या हातावर ठिवल्या, वर दम दिला, "वाटेत खाऊ नका हां!"

गोठ्यामागं गेला गडी. दगडावर बसला आन् एकेक वडी खाल्ली, डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरतंय, हा चावतोय... तोंड पुसून परत आला.

"काय म्हणलं ते?"

"म्हणलं, लई ग्वाड झाल्यात."

अशी लाजली हो साळुबाई! नवी नवरी लाजावी तशी!

आता रोजचंच झालंय. ती जपून ठेवती, हा पोचवतो. परवा अन्सारभाईनं इचारलं, "भाऊ, बदामानं फरक पडला का काही?"

हौशीराम म्हणला, "पडला की! लग्नातल्या तिच्या लुगड्याचा काठसुदीक आठवाया लागलाय... मला."