तेवीस निरोप

...आणि वर मलाच सांगतात, खाला, शांत व्हा, म्हणजे आठवेल. अरे, शांत व्हा म्हणजे काय? शांतपणा काय विजेचं बटण आहे, दाबलं की लागला? तुम्हाला सांगते, दुबईत उतरून मला चार दिवस झाले होते, आणि त्या चार दिवसांत जितक्या जणांनी मला शांत व्हायला सांगितलं ना, तितक्यांनी अख्ख्या जन्मात मला पाणी विचारलं नसेल. डोकं आहे हो माझं, पोस्टाचा थैला नाही!

आता थैला कसा झाला ते ऐका. आमचं गाव बाणकोटच्या खाडीवर. निम्मे पुरुष इथे दुबईत, निम्मे बोटींवर, मागे उरल्या बाया. पत्र लिहून घ्यायचं तर मास्तरांकडे जायचं, म्हणजे घरातली भांडणं मास्तरांना कळणार, मास्तरांना कळली की मास्तरीणबाईंना, आणि पुढचं तुम्ही ओळखा. म्हणून आमच्यात निरोप तोंडी जातो. जो दुबईला निघेल त्याच्या दारात आदल्या दिवशी रांग. यंदा निघाले मी, मैमुनाबी, मुलगा मुनीर बोलावतो म्हणून. तेवीस बाया, तेवीस निरोप. शेजारीण म्हणाली, लिहून घे गं, तुला तर येतं. येतं की! शाळेचा उंबरा पाहिला नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकले, पण मी म्हटलं, लिहून घेतो तो कारकून, मैमुनाबी ध्यानात ठेवते. हो, मीच म्हटलं. हसा आता.

मग ती बोट. पहिला दिवस बरा गेला, दुसऱ्या दिवसापासून पोटात काही ठरेना, आणि दर उलटीला मला धाक, की गेला, एखादा निरोप गेला समुद्रात!

दुबईतच देरा म्हणून भाग आहे, तिथे मुनीरच्या खोलीवर पोचते न पोचते, तर दारात गावची सगळी पोरं. म्हटलं, या, एकेक करून या. रेशनवर साखर वाटावी तसे तेवीस निरोप एका बैठकीत वाटून मोकळी झाले. हमदुल्ला आला, आमच्या मरियमबीचा मुलगा, बंदरावर स्टोअरकीपर, गरीब गाय. त्याला म्हटलं, आई म्हणते, असशील तसा निघून ये.

पोराला वाटलं, आई शेवटच्या अंथरुणावर आहे. तडक साहेबाकडे गेला. साहेब म्हणाला, जायचं तर जा, पण मग परत यायचं नाही. याने गोदामाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या, बुधवारच्या बोटीचं तिकीट काढलं, पेटी आवळली आणि मंगळवारी सकाळी सलाम करायला माझ्याकडे आला. म्हणाला, "खाला, आई हे बोलली तेव्हा अंथरुणातच होती का?"

मी म्हटलं, "छे, उभी होती की. काखेत कोंबडी होती."

आणि बोलले नि माझं मलाच ऐकू आलं. काखेत कोंबडी धरून कोणी मरणाला टेकतं का? मग हा निरोप कोणाचा? त्याला जा म्हणावं, तर पोराची नोकरी माझ्यापायी गेली. जाऊ नको म्हणावं, आणि निरोप त्याचाच असला, तिथे मरियमबीचं काही बरंवाईट झालं, तर मी खुदाला काय तोंड दाखवू? बोट दुसऱ्या दिवशी सकाळी.

आठवायला बसले. बसू देतात का पण? सून झुबेदा तेलाची वाटी घेऊन डोक्यावर थापायला लागली. मुनीर ऑफिसात शिकलेला, तो म्हणे, अम्मी, लिस्ट करू, नंबर टाकू, सिस्टिमने जाऊ. एक जण म्हणे डोळे मिटा, दुसरा म्हणे उघडा. आणि हमदुल्ला? तो समोर पेटीवर बसून नुसता माझ्या तोंडाकडे बघतोय, आता उघडेल, मग उघडेल. तेवीस बाया डोक्यात एकदम बोलायला लागल्या हो! डोकं आहे, पोस्टाचा थैला नाही, असं ओरडले, ओढणी घेतली आणि चालू पडले.

कुठे जाणार? पाय खाडीवर गेले. तिथे होड्या असतात, अब्रा म्हणतात त्यांना, देऱ्यातून पलीकडच्या काठाला, बर दुबईला, माणसं नेतात, आमच्याकडे खाडीत तरीची होडी चालते ना, तशाच. बसले एकीत. पलीकडे सगळे उतरले, मी नाही उतरले. वल्हं मारणारा बलोची म्हातारा म्हणाला, "अम्मा, यल्ला, चलो, उतरो." मी म्हटलं, "नहीं उतरती." त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने वल्हं उचललं. त्याच्याही घरी कोणी माझ्यासारखी असणार.

गेले, आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. आधी वल्ह्याचे फटके मोजले, मग मोजायचं सुटलं. पाण्यात हात सोडला. वासही ओळखीचा, चिखल, मासळी, डांबर. तेवीस जणी एकेक करून गप्प झाल्या, जशा काय त्या त्या धक्क्यावर उतरून गेल्या. पाचव्या खेपेला तर मी चक्क जेवणाचा विचार करत होते, की इथल्या भाताला चव कशी ती नाही, सोबत लोणच्याची फोड हवी...

लोणचं. बरणी! मरियमबी, काखेत कोंबडी, दारात उभी: "हमदुल्लाला सांग, लोणच्याची बरणी परत पाठव. माझ्या जावेची आहे ती, रोज येऊन विचारते." आणि असशील तसा निघून ये म्हणाली ती गावच्याच दुसऱ्या पोराची, तय्यबची आई! तीन वर्षं त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवलीय आणि हा इथे तोंड लपवून बसलाय.

घरी आले आणि हमदुल्लाला सांगितलं. तो पेटीवरून घसरून खालीच बसला, माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं, खांदे हलतायत, मला कळेना रडतोय की हसतोय. मग म्हणतो, "खाला, बरणी तर गेल्या रमजानात फुटली." मुनीर त्याला धरून साहेबाकडे घेऊन गेला. साहेब इंग्रजीत पुष्कळ काय काय पुटपुटला म्हणे, पण चाव्या परत दिल्या. त्या दिवशी मी दोन वेळचं जेवण एका वेळेला जेवले.

राहिला तय्यब. बरणीचा निरोप त्याला गेला होता ना! चार दिवस बिचारा खोली उलटीपालटी करून कुठली तरी बरणी शोधत होता, आनंदात होता. खरा निरोप ऐकला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. थोड्या वेळाने हळूच जवळ आला. म्हणाला, "खाला, तुम्ही दमलाय. आणखी एकदा होडीत बसून बघा ना, तो तिसऱ्याच कोणाचा असेल."

आता रोज संध्याकाळी येतो, मला अब्रात बसवतो आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतो. आता तुम्हीच सांगा, डोकं शांत करायला एक जागा सापडली होती, तीही गेली की नाही? निरोप काही बदलायचा नाही, मला पक्कं ठाऊक आहे. पण खाडीवर वारा बरा असतो हो... म्हणून मीही त्याला अजून खलास, पुरे आता, असं म्हटलेलं नाही.