बाहुलीचा चित्रपट आणि गंगाधररावांची शिक्षा

न पाहिलेल्या चित्रपटावर मत देणे म्हणजे खोटे बोलणेच, असे तुम्हांला वाटत नाही का? आमचे लातूरचे मित्र गंगाधरराव नुसते पोस्टर पाहून निकाल देत. त्यांच्या नातीला, चिमीला, शिकवणीतून एकच रविवार मोकळा मिळाला होता. तिला कार्टून पाहायचे होते. पोस्टरवर बाहुली दिसताच आजोबा म्हणाले, "ह्योच हाय लेकरांचा पिच्चर. लई मजेचा!"

तो भुताचा निघाला. भूकंपाच्या पहाटे साऱ्या गल्लीला धीर देणारे हे गृहस्थ, पडद्यावरच्या बाहुलीने मान फिरवताच उपरण्यात शिरले.

चिमी म्हणाली, "आजोबा, भिऊ नका, रबराची हाय ती. पण माझा रविवार गेला की!"

तिने शिक्षा ठोठावली. पुढच्या सुटीला शिकवणीतल्या सगळ्या मैत्रिणींना कार्टून दाखवायचे, आणि त्यावर मत द्यायचे नाही.

आजोबांनी ती मान्य केली. मैत्रिणींसह कार्टून पाहून दोघे देवळाच्या ओट्यावर आमच्याकडे आले, तेव्हा आजोबांचा चेहरा फुलला होता.

"कसा वाटला?" आम्ही विचारले.

त्यांनी तोंड उघडले. चिमीने ओठांवर बोट ठेवले. डोळे उघडे ठेवून पूर्ण पाहिलेल्या पहिल्याच चित्रपटावर गंगाधररावांना एक अक्षरही बोलता आले नाही.