खालच्या दातांची जागा

नाही नाही, तू बोलू नकोस पोरी, नुसती मान हलव. कापूस दाबून धरलायस ना? मग तस्साच धर. कापूस हलला की रक्त पुन्हा सुरू होतं, मग सिस्टर रोझालिन बाहेर येणार आणि मलाच बोलणार – आजी, तुम्ही पेशंटला बोलायला लावता म्हणून. मी कुठं लावते? मी आपली एकटीच बोलतेय. तुझी अक्कलदाढ होती ना? हां, गाल बघूनच कळलं. उद्या आणखी सुजेल, घाबरू नकोस. आज गरम काही घ्यायचं नाही, चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, नळीनं काही ओढून प्यायचं नाही. उद्यापासून मिठाचं पाणी. ज्वारीची पेज कर पातळ, गार झाली की पी. मला कुणी शिकवायला नको हे. माझे सहा दात एका सकाळी काढलेत, तुझा तर एकच.

मला सुई दिलीय आत्ताच. डॉक्टर म्हणाले, बाहेर बसा, बधिर होऊ दे, तोवर मी दुसरा पेशंट बघतो. झालाय बधिर. हा बघ ओठ, चिमटा काढला तरी कळत नाही. जीभसुद्धा इकडची अर्धी कुणा दुसऱ्याचीच वाटतेय. बरं वाटतं खरं सांगू का – नाही म्हणजे, बरं नाही, वाईटही नाही. काहीच नाही. मला हल्ली तसंच असतं, सुई नसली तरी. माझा मुलगा म्हणतो, आई, तू हल्ली गप्प झालीस. बघ आता, मी गप्प आहे का? तूच सांग. नको, सांगू नकोस, कापूस.

काय बघतेस? फट ना? बघ की, लाजतेस काय. खालचे पुढचे सहाच्या सहा नाहीत. पडले नाहीत गं, काढलेत. तुझी आजी कुठली, आमच्या उयोमाची? नाही? मग तिलाही असणार, विचार तिला. आमच्या वेळी आपल्या लुओ लोकांत पोर म्हटलं की खालचे सहा काढायचेच. नाही काढले तर माणसात धरायचे नाहीत. का म्हणजे? दातखीळ बसली तर. धनुर्वात झाला, जबडा मिटला, तर त्या फटीतून पेज घालता येते माणसाच्या पोटात. जगतं मग माणूस. आणि दिसतंही बरं, म्हणजे तेव्हा बरं दिसायचं. आता माझी नात नैरोबीत वाढलेली, ती म्हणते आजी, फोटोत तोंड मिटून हस. तिचं लग्न आहे ना ऑगस्टमध्ये. म्हणून तर माझा मुलगा ओगुतू मला इथं घेऊन आला, दात बसवायला. सगळ्यांना अभिमानानं सांगत सुटलाय, आईला दात बसवतोय म्हणून. त्याला वाटतं मी लग्नासाठी तयार झाले. वाटू दे.

तेव्हा सुई कुठली आलीय. ओडेरो म्हणून म्हातारा होता, तो यायचा, लोखंडाची चपटी पट्टी घेऊन. आजीच्या अंगणात गवत अंथरलेलं, त्यावर कुशीवर निजायचं, आणि रडायचं नाही. रडलीस की संपलं, जन्मभर नाव निघायचं. मी नाही रडले. तोंडात रक्त, गळ्यात रक्त, मी डोळे उघडे ठेवून तळ्याकडं बघत होते. आम्ही दोघी होतो – मी अपियो, म्हणजे जुळ्यांतली पहिली, आणि माझ्यामागून आलेली ती अदोंगो. जुळ्यांना जे करायचं ते दोघींना सारखं करायचं, एकीला कानात डूल तर दुसरीला डूल, एकीचं डोकं भादरलं तर दुसरीचंही. म्हणून त्या दिवशी दोघींचे काढायचे ठरलेले. आधी मी, थोरली म्हणून. माझं झालं, ओडेरोनं पट्टी पुसली, म्हणाला, आण दुसरी. तर दुसरी कुठंय? पळाली. तळ्याकाठच्या लव्हाळ्यात जाऊन बसली. लोक शोधतायत, आजी शिव्या घालतेय, आणि ही संध्याकाळपर्यंत पाण्यात उभी.

तिचे राहूनच गेले मग. वडील मिशनच्या शाळेत कामाला होते, मास्तरांनी त्यांना सांगितलं, आता दुसरीला तरी हात लावू नका. म्हणून वाचली. पण बोलणी किती खाल्ली तिनं त्या दातांपायी. पोरं म्हणायची, गाढव आलं, गाढव आलं, दात मोजा. लोक म्हणायचे जोडी फोडलीत, काहीतरी वाईट होणार. काही झालं नाही. एकीला फट आणि एकीला दात, एवढंच झालं. पाण्यातून आली ना ती त्या दिवशी, थरथरत, तशीच माझ्याजवळ येऊन बसली. पेज फुंकून फुंकून गार करून द्यायची मला. आठवडाभर. आणि नंतर जन्मभर मक्याचं कणीस आलं की आधी स्वतःच्या दातांनी दाणे सोडवून माझ्या ओंजळीत टाकायची, मग स्वतः खायची. ऊसही तसाच. माझी नातवंडं हसायची, दोन म्हाताऱ्या, एक सोलते, एक खाते.

गेली ती. जानेवारीत. मिगोरीकडं दिली होती तिला, तिकडंच. छातीत दुखतंय म्हणाली, बसली, संपली. मी गेले होते मातीला. सगळ्या बायका ऊर बडवून रडत होत्या, गाणी म्हणत होत्या, आणि मी उभी. कुणीतरी म्हणालंसुद्धा, बघा, जुळी बहीण आणि डोळ्यात पाणी नाही. खरंच नव्हतं. मला काही वाटतच नव्हतं. आत्ता ओठाचं झालंय ना, तस्सं.

आणि रडून परत कुठं जाणार होते मी? आईकडं. आमची आई आहे अजून. हो. डोळे गेलेत, खाटेवरून उठत नाही, पण आहे. माझा भाऊ म्हणाला, आईला सांगायचं नाही. सांगितलं तर त्याच दिवशी जाईल ती. मिगोरी लांब, उयोमात आईला कोण येऊन सांगतंय. तर ठरलं, नाही सांगायचं. मग तोंड धुऊन, हसत जायचं आईकडं. रडलेल्या माणसाचा आवाज तिला लगेच कळतो. म्हणून मी रडलेच नाही, आवाजच बदलायला नको.

मी गेले की तिची एक रीत. माझं तोंड हातात धरते आणि अंगठा खालच्या ओठात घालते. डोळे होते तेव्हासुद्धा अंधारात असंच करायची. दात लागले तर अदोंगो, अंगठा आत गेला तर अपियो. आवाज आमचा जवळजवळ एकच, चाल एकच, तोंडावळा एकच, मग दुसरं काय करणार ती. अंगठा आत गेला की म्हणायची, तू होय. आणि ती कधी येतेय? दर वेळी. अदोंगो कधी येतेय. मी म्हणायचे मोम्बासाला गेलीय मुलाकडं, येईल. किती वेळा म्हणायचं? वहिनी सांगते, रात्री झोपेतही विचारते. जीव अडकलाय तिचा.

तर मी म्हटलं – आता हे तू कुणाला सांगू नकोस, सांगणार तरी कशी, तोंडात बोळा आहे – मी म्हटलं, दात बसवून घेते. नुसते दातच तर कमी आहेत मला. दात बसवायचे आणि जायचं आईपुढं, एकदाच, म्हणायचं आले गं मोम्बासाहून. अंगठा घालेल, दात लागतील. मग सुखानं डोळे मिटू दे. वाईट आहे का यात काही? मान हलवू नकोस, मला उत्तर नकोय. मागं एकदा डॉक्टरांनी मेणावर दात लावून बसवून बघितले, माप बरोबर आहे का म्हणून. हातात आरसा दिला. आरशात ती. अगं मीच, पण ती. डॉक्टर म्हणाले, काहीतरी बोलून बघा. मी म्हटलं, आई. आणि सगळा वारा फटीतून जातो ना माझा, तो गेला नाही. तिचा आवाज आला. मी म्हटलं, डॉक्टर, हे असंच राहू द्या थोडा वेळ. ते हसले, म्हणाले, आवडले वाटतं. मी आरसा धरूनच बसले. किती वेळ कोण जाणे.

पण मग काढताना त्यांना दिसलं, बाजूचा दात हलतोय, त्याच्या मुळाशी पू झालाय. तो काढल्याशिवाय नव्या दातांची पट्टी टिकायची नाही. तो काढायचा, जखम भरू द्यायची, मग नवं माप. म्हणून आज. आणि मला घाई आहे, आई काय थांबणार आहे का जखम भरेपर्यंत. तशी काल बरी होती. मी मासे घेऊन गेले होते, दोन घास खाल्लेसुद्धा. काल तिनं विचारलंही नाही अदोंगोचं. मला हायसंच वाटलं, म्हटलं विसरली असेल, वय झालं. उठताना मात्र तिनं माझं तोंड धरलं. अंगठा घातला. वहिनीनं तिला सांगून ठेवलेलं, अपियो दात बसवतेय म्हणून – तिला तरी काय माहीत कशासाठी. तर आई म्हणाली, दुखतोय तो काढ. पण ही फट बुजवू नकोस. मी म्हटलं, बरं बरं. परतीची मटाटू सुटायला आली होती, मी पिशवी उचलत होते. तर ती म्हणाली, बुजवलीस तर मला वाटेल दोघीही गेल्या.

म्हातारं माणूस, बोलतं काहीबाही. मी मटाटूत बसले, घरी गेले, मक्याच्या पिठाची उगाली केली, जेवले, झोपले. सकाळी उठून इथं आले.

दोघीही.

दोघीही म्हणाली ना ती? मी तुला आत्ता तसंच सांगितलं ना?

…म्हणजे तिला माहीत आहे. कधीपासून माहीत असेल? मी हसत जात होते तिच्याकडं, आणि ती विचारत होती, कधी येतेय – मला बरं वाटावं म्हणून विचारत होती का? मी रडत नव्हते तिच्यासाठी आणि ती रडत नव्हती माझ्यासाठी. किती महिने गेले, पोरी. दोघी एका खाटेवर बसून मोम्बासाच्या गप्पा मारत होतो. आई गं. मला आता भीती वाटतेय, आणि तोंडाला तर काही कळत नाहीये.

नको, पाठीवर हात नको. राहू दे.

हो, सिस्टर, मीच अपियो. आले. सिस्टर, डॉक्टरांना म्हणावं तो सडका दात तेवढा काढा. माप-बिप काही घ्यायचं नाही, पट्टी नको. नाही, मुलाला काय ते मी सांगीन. लग्नात मिटलेलं तोंड चालेल त्याला. आणि लवकर करा, मला तीनची उयोमाची गाडी पकडायचीय.

तुझा फोन वाजतोय कधीचा. आईचा असेल, घे की. बोलायचं नाही, नुसता उचलून कानाला लाव, तू आहेस एवढं कळू दे तिला. जा, बाहेर जाऊन घे. माझ्याकडं बघत बसू नकोस.