गजू अकोल्याला का जायचा

(अमरावती, राजापेठ. गजेंद्रची तेरवी काल झाली. दुपारी त्याची थोरली बहीण डॉक्टर पौर्णिमा आणि बायको प्रणाली मागच्या खोलीत बसल्या आहेत.)

पौर्णिमा : टीबीनं धडधाकट माणूस असा जात नाही, प्रणाली. लोकांना काय सांगितलंस ते राहू दे. मला खरं सांग.

प्रणाली : झालं नं आता सारं. तेरवीचं जेवण जेवून गेले लोक. तुमी कावून खोदून राहिल्या?

पौर्णिमा : शेवटी शेवटी फोनवर तोंड दाखवत नव्हता तो. कॅमेरा बिघडलाय म्हणायचा. मीही मानलं.

प्रणाली : कॅमेरा चांगलाच व्हता.

पौर्णिमा : मग?

प्रणाली : तुमी पायलं असतं तं वयखलं असतं. तुमचं तं कामच हाये थे. जिभीवर सारं पांढरं पांढरं आलं व्हतं.

पौर्णिमा : एचआयव्ही होता. गजूला.

प्रणाली : हळू बोला, पोरगं आयकन. शिवम समोरच्या खोलीत अभ्यास करून राहिला.

पौर्णिमा : त्याला कधी कळलं होतं?

प्रणाली : दोनक वर्षं झाले असतीन. मले दिवाळीत सांगतलं. कुठून आलं, कसं आलं, म्या इचारलं नाई. त्यायच्यानं धड सांगणंबी होत नव्हतं तवा.

पौर्णिमा : आणि मला काहीच नाही. मी युगांडात, थायलंडात परक्या माणसांच्या उशाशी बसते गं. हेच करत आले सारा जन्म. अन् माझ्या सख्ख्या भावाला मला एक फोन करवला नाही?

प्रणाली : तुमालेच तं सांगता येत नव्हतं, ताई. मी म्हनो, ताईले सांगा. तं हे म्हनत, तिचं जगात नाव हाये, अन् तिच्याच घरात हे निघालं तं लोक हासतीन तिले.

पौर्णिमा : बह्याड कुठला. गोळ्या तरी घेत होता का? इथं या गोळ्या देणारं आपलं केंद्र आहे, पायी गेलं तरी पोचतो माणूस. उद्घाटन मीच केलंय त्याचं.

प्रणाली : म्हनूनच तं नाई गेले तठी.

पौर्णिमा : म्हणजे?

प्रणाली : उद्घाटनाले स्टेजवर तुमच्या बाजूले कोण उभं व्हतं? फेटा बांधून? तुमीच तं बोलावलं व्हतं वर, हा माहा भाऊ म्हनून. तो फोटू लावला हाये केंद्रवाल्यायनं तठी, दारातच. तुमी हासून राहिल्या, हे हासून राहिले. गोया घ्याची लाइन त्याच्याच खालून जाते.

पौर्णिमा : मला माहीत नव्हतं.

प्रणाली : एक डाव गेले व्हते हिंमत करून. सिस्टरबाईनं पायलं अन् म्हने, या या, मॅडमचे भाऊ नं तुमी? खुर्ची देली. चहा मांगवला. तिचं बिचारीचं काई चुकलं नाई, मानच देत व्हती ते. हे चहा पिले अन् वापस आले.

पौर्णिमा : आणि मग अकोला. फोनवर सारखं अकोल्याला चाललोय म्हणायचा.

प्रणाली : हाव. दुकानाचा माल आणाले जातो म्हनत. तठून गोया आणत व्हते. तब्बेतबी चांगली सुधरली व्हती. मंग एक दिवस तठी नईमभाई दिसला, आपला टेम्पोवाला. तोबी गोयाच्याच लाइनीत. हे त्याले भेले, तो यायले भेला. दोघंबी न बोलता आपापल्या रस्त्यानं निघून आले. त्याच्यानंतर हे गेलेच नाई.

पौर्णिमा : नईम कसा आहे?

प्रणाली : काल आला व्हता. जेवला नाई. दारातूनच हात जोडले अन् ढसाढसा रडला. लोक म्हने, टेम्पोवाल्याले एवढं काय झालं. जाता जाता मले म्हने, भाभी, मैं अब गोली लेता हूँ.

पौर्णिमा : प्रणाली, तुझी तपासणी?

प्रणाली : तो विषय नोका काढू.

पौर्णिमा : डॉक्टरांनी सांगितलं असेल ना?

प्रणाली : सांगतलं. म्या नाई गेली.

पौर्णिमा : अगं, आता गोळ्या चांगल्या आहेत. वेळेवर घेतल्या तर माणूस पुरतं आयुष्य जगतं. शिवमची लेकरं खेळवशील. घाबरण्यासारखं त्यात...

प्रणाली : मराले कोण भेते, ताई.

पौर्णिमा : मग कशाला भितेस?

प्रणाली : आता यायची आठवण आली का मले रडू येते. नुसतं रडू. उद्या तपासणीत निघालं, तं राग येईन. आमचं कदी मोठं भांडण झालं नाई. आता गेलेल्या माणसाशी कशी भांडू मी? थोडे दिवस मले रडूच द्या.

पौर्णिमा : रडत राहिलीस तर तूही जाशील. परक्या बायकांना समजवताना मला कधी शब्द कमी पडले नाहीत गं. तुझ्यापुढे काही सुचत नाही. गजू गेला, तू जाऊ नकोस. मला माहेर म्हणून आता तूच आहेस.

प्रणाली : अन् राग आला तं?

पौर्णिमा : माझ्यावर काढ.

प्रणाली : तुमच्यावर काय काढू? सकायपासून दोन घास पोटात नाई तुमच्या. उद्या जाऊ मंग तपासणीले.

पौर्णिमा : अकोल्याला?

प्रणाली : नोको. थो रस्ता माह्यानं होत नाई. इथंच जाऊ.

पौर्णिमा : मी येते सोबत.

प्रणाली : तुमी दारात पाय ठेवला का हार घेऊन येतीन सारे. मंग मी कोण, हे सांगाची गरजच नाई.

पौर्णिमा : तुला एकटीला नाही पाठवणार मी.

प्रणाली : तं तोंडाले स्कार्फ बांधून या. या उनात गाडीवर साऱ्याच बाया बांधते. कोणी इचारत नाई.

पौर्णिमा : तोंड झाकून? अगं, यात लपवण्यासारखं काही नाही, हेच तर मी जगभर सांगत फिरते.

प्रणाली : तसं असन तं राहू द्या. मी जाईन एकटी.

पौर्णिमा : थांब. दे इकडे.

प्रणाली : बांधता येते का तुमाले?

पौर्णिमा : नाही. तू बांधून दे.