धोंड्याच्या महिन्यातला ठोसा

...आन् वरून मलाच इचारायलेत, "काय वस्ताद, पोराकडून तालीम करून घेतली न्हवती का?" आता ह्यांना काय सांगावं! आवो, पोरगं हरलं ते हरलं, पण मेहनतीत कमी न्हवती! तुमाला सांगतो, आमच्या ताडकळसात चिंचेच्या झाडाला सरकीचं पोतं टांगलेलं, त्याला चंद्रभान इतकं हाणायचा, इतकं हाणायचा, की पोतं फाटून सरकी खाली आन् गावच्या म्हशी गोळा! पहाटं एस.टी.च्या मागं पळायचा. कंडक्टर बिचारा रोज घंटी मारून गाडी थांबवायचा, "चढ रे बाबा, चढ लवकर!" आन् हा तिथंच उड्या मारत, "तुमी व्हा पुढं, मी आसाच येतो." आतले पाशिंजर काय म्हणायचे ते सोडा... बायामाणसं बसलीत इथं.

तुमी म्हणताल, माणिकराव, तू कुस्तीचा वस्ताद, तुला बॉक्सिंग कुठून आलं? ईश्वरअप्पाच्या दुकानात टीव्ही हाय, तिथून आलं! आन् त्या अप्पानं तर पोराची अशी हवा केली, अशी हवा केली... साखर जोखता जोखता गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमचा चंद्रभान म्हंजे, एका ठोशात माणूस आडवा होतो बगा!" गिऱ्हाईक घाबरून काट्याकडं बघायचंच इसरायचं.

हेच चालू अठ्ठ्याऐंशी साल. परभणीला जिल्ह्याची फायनल. जो जिंकंल तो औरंगाबादला खेळायला जाणार. पोराला दुसरं काय सुचतच न्हवतं हो! जेवताना औरंगाबाद, झोपंत औरंगाबाद. त्याची आई मला म्हणायची, "वस्ताद, ह्याला कुणाची नजर लागली का?" नजर कशाची लागतीय? ध्यास लागला होता!

मंग चूक झाली कुठं? तर लग्नात! त्याच्या न्हवं, त्याच्या चुलत बहिणीच्या. फाल्गुनात सरजाचं लगीन, पालमचा नवरदेव. मी म्हणलो, "खबरदार चंद्रभान! मांडवात जाशील, बुंदी हाणशील, वजन वाढंल, मंग बस बोंबलत." तिकडं बँड वाजायलाय, इकडं आमी दोघं पोतं बडवायलो. बहिणीच्या लग्नाला गेला न्हाई हो पोरगा! आता सांगा, मेहनतीत कमी होती का?

बरं, जे गेले त्यांनी तरी नवरदेव कुठं पायला? बाशिंगाच्या झालरीत तोंड झाकलेलं, आन् गावाचं लक्ष पंगतीकडं! नाव म्हणाल तर सरजा उखाणा घ्यायला उभी राहिली, नाव तोंडातून निघायलंय तेवढ्यात बँडवाल्यानं ढोल बडवला. तवापासून सगळ्यांच्या तोंडी एकच, "जावईबापू". सोयरीक जमवताना आमी जमीन इचारली, बैल इचारले, हिरीला पाणी किती तेबी इचारलं. पोरगा बॉक्सिंग खेळतो का, हे कोण इचारतंय?

फायनल आली नेमकी धोंड्याच्या महिन्यात. नव्या जावयाला पहिला धोंडा, म्हणून सरजाची माय दगडाबाई परभणीला बाजार करायला आमच्याच ट्रॅक्टरात आलेली. जावयाला सफारीचं कापड, तांब्याचा दिवा, सगळं पिशवीत. म्हणली, "पुतण्या खेळायलाय तर घटकाभर बघते." बसली एकदम पुढं. बँडबी आमी संगंच आणलेला. त्याला सांगून ठेवलं, "जिंकणाऱ्याला ट्रॅक्टरवर चढवायचं आन् ताडकळसापस्तोर वाजवत न्यायचं. थांबायचं न्हाई!"

भोंग्यावर पुकारा झाला, "लाल कोपऱ्यात चंद्रभान, ताडकळस! निळ्या कोपऱ्यात बन्सीधर, पालम!" आता कोण बन्सीधर? असंल कुणीतरी! पहिल्या राऊंडला चंद्रभाननं त्याला आसा धुतला, आसा धुतला... गाव नाचायलंय! आन् सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? दगडाबाईचा! "हाण त्या मेल्याला! थोबाड फोड त्याचं! पालमला गेला न्हाई पायजे सरळ!"

राऊंड संपला. पालमच्या गड्यानं पाणी प्यायला डोक्यावरलं ते जाड टोपडं काढलं. दगडाबाईनं पायलं... आन् पदर खाटकन् डोक्यावर!

"अगं माय माय माय! जावईबापू हायत की वं ते!"

संपलं! आवो, एका घराचा जावई तो सगळ्या गावाचा जावई, आन् त्यात धोंड्याचा महिना! "चंद्रभान, हाणू नको रे! नारायण हाय तो आपला! पाप लागंल!" दुसऱ्या राऊंडची घंटी वाजली, आन् आमचं पोरगं मधोमध जाऊन, दोन्ही हातमोजे जोडून, "रामराम दाजी... लग्नाला येणं झालं न्हाई, राग मानू न—"

धाड्!

दाजीला काय, रुसायचा हक्कच हाय! लग्नाला न आलेला मेव्हणा आयता समोर सापडलेला! पंच ओरडायलाय, "अरे, लढ!" हा म्हणतोय, "साहेब, सोयरे हायत." पंच म्हणतोय, "नियमात सोयरे न्हाईत!" आन् आमचं गाव? ज्या गावानं हवा केली ते गाव? तो ईश्वरअप्पा खुर्चीवर उभा राहून, "बापू, सांभाळून! चंद्रभान, हात खाली घे की रे, नखबिख लागंल त्यांना!" हातमोज्यातून नख! मी जीव तोडून बोंबललो, "अरे, औरंगाबाद! औरंगाबाद आठव!" पोरानं माझ्याकडं पायलं, डोळे भरलेले. म्हणतो, "वस्ताद, सरजाला काय तोंड दाखवू?" आन् उरलेलं तोंड दाजीपुढं केलं.

निकाल लागला. बँडवाला हुकमाचा पक्का! बन्सीधरला उचललं, ट्रॅक्टरवर ठेवलं आन् वाजवत वाजवत आणलं आमच्याच गावात. दगडाबाईनं दारातच ओवाळलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आन् वाढायला कोण? चंद्रभान! एक डोळा सुजून बंद, दुसऱ्या डोळ्यानं ताट शोधायलाय. म्हणतो, "दाजी, आणखी एक घ्या." तर दाजी काय म्हणावा? "नको मेव्हणे, वजन वाढंल. मला औरंगाबादला जायचंय."

तिथं मी भिंतीकडं तोंड करून बसलो, दुसरं काय करणार! मेहनतीत कमी न्हवती, ठोशात कमी न्हवती... कमी पडलो ते सोयरिकीत!

म्हणून म्हणलं आता पोतं बितं ऱ्हाऊ द्या. पुढच्या फायनलच्या आत चंद्रभानचं लगीनच उरकून टाकायचं. पिंगळीला जाऊन आलो, ताडबोरगावला जाऊन आलो, स्थळं बघायलोय. तुमच्या पाहण्यात आसंल तर सांगा हो. पोरगी काळी चालंल, गोरी चालंल, शिकलेली चालंल, न शिकलेली चालंल, हुंडा तर नकोच... फकत तिच्या गावात बॉक्सर लय पायजेत!