सत्तर टक्के पाणी

— नाही नाही, बेल नका वाजवू, हात खाली घ्या आधी. हो, हेच घर. नावही बरोबर आहे, पार्सल माझंच, मीच मागवलंय. फक्त हळू बोला, आणि त्या कुंड्यांना पाय लावू नका भाऊ, उंचीप्रमाणे लावल्यात त्या, क्रम चुकला की यांना सगळं पहिल्यापासून करावं लागतं. टेका इथे पायरीवर. दम लागलाय तुम्हाला. खाली लिफ्टवर पाटी बघितलीत ना — ‘प्रयोग चालू आहे, कृपया थोडा वेळ जिना वापरावा’ — ती आमचीच. यांच्या हातची. अक्षर छान आहे यांचं, हातानं लिहितात तेव्हा.

असं काय बघताय? एवढं सामान बाहेर बघून घर सोडून चाललोय असं वाटलं? समोरच्या बाईंनाही तेच वाटलं, त्या विचारून गेल्या की फिशटँक विकायचाय का. विकायचा नाही. भांडण नाही, रंगकाम नाही, ढेकूण नाहीत. कीबोर्ड बिघडलाय. काय म्हणता — कोड? मोबाईलवर आलेला कोड सांगायचा? आला असेल की, पण मोबाईल त्या डब्यात आहे. तो नाही हो, तो मायक्रोवेव्ह. त्याच्यावरचा, बिस्किटांचा पत्र्याचा. बंद करून, फॉइलमध्ये गुंडाळून, झाकणाला चिकटपट्टी मारून ठेवलेत, माझा आणि यांचा, दोन्ही. आत्ता उघडला तर प्रयोग बाद. आतनं हाक आली की उघडू. तुम्हाला घाई असणार, कळतंय मला, पण कोड नाही तर पार्सल देता येत नाही, आणि परत न्यायचं तर उद्या पुन्हा एवढे जिने चढायचे — त्यापेक्षा बसाच.

तर कीबोर्ड. म्हणजे मूळ सांगायचं तर लिनक्स. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, फिरायला जातात, यांनी कॉम्प्युटर चालवणारी आधीची सिस्टिम काढून त्यात लिनक्स घातलं. चांगला चालणारा कॉम्प्युटर होता. आता लिनक्स वाईट असं नाही म्हणत मी, पण व्रत घेतल्यासारखं झालं — काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि हे चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, बघ, सगळं आपल्या हातात असतं यात. आणि बरोबर बिनवायरचा कीबोर्ड, कारण टेबलावर वायर दिसली की यांना ऑफिसची आठवण येते. सगळं सुरळीत होतं. आणि मग एक दिवस कीबोर्ड बिघडला. कसा? तर एक अक्षर दाबलं की त्याचीच रांग लागते, ओळभर, पानभर. आणि कधी उलट — दाबलेलं पहिलं अक्षर गायबच. एकाच यंत्राला हगवण आणि बद्धकोष्ठ दोन्ही, असं मी म्हटलं, तर हसले नाहीत.

सेल? बदलले हो, पहिल्यांदा तेच केलं. त्यातनं काही नाही झालं म्हणून तर हे फोरमवर गेले. फोरम म्हणजे — तिथे जगभरची माणसं एकमेकांचे कॉम्प्युटर न बघता दुरुस्त करतात. तिथे एक आहे, खरं नाव कुणाला ठाऊक नाही, उंदराचं चित्र लावतो, म्हणून मी त्याला उंदीरमामा म्हणते. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे काय ते मला या वयात कळलं. उंदीरमामा म्हणाला, कॉम्प्युटर वीज वाचवायला रिसीव्हरला झोपवतो, त्याला झोपू देऊ नका. रिसीव्हर म्हणजे तो नखाएवढा तुकडा, मागे खोचायचा. यांनी तसा हुकूम टाकला काळ्या पडद्यावर — तीनदा चुकला, कारण कीबोर्डच बिघडलेला ना, ज्यानं दुरुस्त करायचं तेच आजारी. मग मामा म्हणाला, रिसीव्हर मागे नको, पुढे आणा, उंच ठेवा. आता तो खिडकीच्या पडद्याच्या दांडीवर कपड्यांच्या चिमट्यात लटकतोय, खाली लांबलचक वायर. बिनवायरच्या कीबोर्डाला दोन हात वायर लावून बसलेत. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण आत स्वयंपाकघरात जाऊन.

तरी गुण नाही. मग मामानं सांगितलं, एकेक संशयित बाजूला करा आणि बघत जा. पहिल्यांदा मायक्रोवेव्ह गेला. मग बिनवायरचा फोन. मग मोबाईल. मग मामाच्या डोक्यात आलं की पाणी लहरी पिऊन टाकतं — असं असतं म्हणे, खरंच असतं, मी शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचारलं. की झालं, फिशटँक बाहेर, कुंड्या बाहेर, पिण्याच्या पाण्याचं पिंप बाहेर, माझी गरम पाण्याची रबरी पिशवी, ती तर रिकामी होती, तीही बाहेर. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आणि आज जेवण झाल्यावर हे बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. मला वाटलं काहीतरी प्रेमाचं बोलणार. तर म्हणाले, अगं, माणूस म्हणजे सत्तर टक्के पाणी असतं.

हसा, हसा, हळू हसा. मीही हसले. पण मग लक्षात आलं, हा माणूस विनोद करत नाहीये. मी त्यांच्या शेजारी बसते ना टेबलापाशी, बरोबर कीबोर्डाच्या आणि त्या चिमट्याच्या मध्ये. म्हणून मला इथे आणून बसवलं. वाईट नाहीत हो ते — स्टूल स्वतः आणलं, पाठीला उशी दिली, वाचायला पेपर दिला, म्हणाले थोडाच वेळ. आणि दार लोटून घेतलं. आता मला सांगा, मी बाहेर असताना तो कीबोर्ड नीट चालला तर? तर त्याचा अर्थ काय निघतो? इतकी वर्षं संसार केला आणि शेवटी बिघाड कोण, तर मी. मला ते लागतंय. मगाचपासून पेपरची एक ओळ वाचली नाही, नुसता कान दाराला लावून बसलेय, की चालू नये, देवा, चालू नये. आणि त्याच वेळी चालावा असंही वाटतंय, कारण आज संध्याकाळपर्यंत ते जायलाच हवं.

काय जायला हवं? काही नाही. कामाचं आहे. मेल आहे एक.

आता अर्धं सांगितलंच आहे तर — बारकीला उत्तर द्यायचंय. बारकी म्हणजे आमची लेक. नावाला बारकी, कामाला क्रेन चालवते. बंदरावर. ती उंच असतात ना, लांब मानेची, तसली. वर काचेच्या खोलीत बसून खोलीएवढाले पत्र्याचे डबे उचलते आणि जहाजावर ठेवते, बशीत कप ठेवावा तसे. बँकेतली नोकरी सोडून. हे तेव्हा म्हणाले, मी लोकांना काय सांगू, मुलगी काय करते? ती म्हणाली, काहीच सांगू नका. हे म्हणाले, त्या क्रेनवर चढलीस तर माझ्याशी बोलू नकोस. ती चढली, आणि बोलली नाही. शब्दाची पक्की आहे, यांच्यावरच गेलीय. रविवारी मला फोन येतो तिचा. तेवढा वेळ हे पंखा बंद करतात, थंडी वाजते म्हणून. उन्हाळ्यात. घामानं शर्ट भिजतो, पण पंखा लावत नाहीत, कारण मोबाईलमधनं तिचा आवाज नीट ऐकू यायला हवा.

आणि मध्यंतरी मेल आली. मला नाही, यांना. वर लिहिलेलं ‘बाबा’. या शनिवारी घरच्यांना बंदरात आत सोडणार आहेत, क्रेनच्या पायथ्यापर्यंत, गेटवर देण्यासाठी नावं तिला कळवायची, आज शेवटचा दिवस, संध्याकाळनंतर घेत नाहीत. खाली एकच ओळ — याल का? मी कळवू शकते हो, फोन लावला आणि सांगितलं येतोय, झालं. पण तिनं मला विचारलेलं नाही. बाबांना विचारलंय, तर बाबांनीच सांगायला पाहिजे. आणि बघा, त्याच दिवसापासनं कीबोर्ड बिघडला.

आता मी काय बोलतेय ते तुम्ही ऐकलं नाही असं समजा. कीबोर्डाला काहीही झालेलं नाही. मी शेजारीच बसलेली असते, मला दिसतं की. हे एक अक्षर दाबतात आणि बोट उचलतच नाहीत. बोट तिथेच, नजर भिंतीवर. मग रांग लागणार नाही तर काय होणार? मग ती रांग पुसायची, आणि बसायचं. एक शब्द लिहून हे अर्धा अर्धा तास बसतात. एवढ्या वेळात माणूस झोपेल, तो रिसीव्हर तर यंत्रच आहे, झोपतो बिचारा, आणि जागा होईपर्यंत पहिलं अक्षर गेलेलं असतं. नाचता येईना अंगण वाकडं. उंदीरमामाला हे कसं कळणार? त्याला यांनी कॉम्प्युटरची सगळी माहिती पाठवली, पानंच्या पानं, फक्त लिहायचंय काय ते नाही सांगितलं.

मग मी यांना का नाही सांगत? काय सांगू? तुमचा कीबोर्ड ठीक आहे, तुम्हीच बिघडलाय? ज्या माणसानं जन्मात कुणाची माफी मागितली नाही त्याला एवढं एक यंत्र मिळालंय दोष द्यायला, ते मी काढून घेऊ? म्हणजे — घेणारच होते. खरं सांगायचं तर त्यासाठीच तुम्ही आलाय. या खोक्यात काय आहे माहितेय? वायरचा कीबोर्ड. साधा, जाड वायरचा. म्हटलं, हा टेबलावर ठेवते आणि म्हणते, घ्या, आता ना रिसीव्हर ना लहरी ना पाणी, आता कुणाला दोष देता बघू. गुपचूप मागवला. सकाळपासनं तुमची वाट बघत होते, आणि तुम्ही नेमके —

थांबा.

बोलू नका. ऐकू येतंय? ते. टकटक. हे टाईपरायटरवर शिकलेले, त्यामुळे असं दणादण वाजतं. आता थांबेल बघा. रांग लागेल, हे ‘च्यायला’ म्हणतील आणि — नाही थांबलं. थांबत नाहीये. चालला. भाऊ, कीबोर्ड चालला.

नाही, रडत नाही मी. सत्तर टक्के पाणी आहे ना, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. तुम्ही ते मासे बघा जरा. मला आपलं वाटत होतं, चालला तर बिघाड मी ठरेन. आणि ठरलेच की. मी शेजारी बसून त्यांच्या बोटांकडे बघत होते — आत्ता लिहितील, आता तरी लिहितील — असं कुणी बघत बसलं तर तुम्हाला तरी लिहिता येईल का? मला वाटायचं मी सोबत करतेय. त्यांना माझ्यासमोर लिहायचं नव्हतं. बाहेर जा असं तोंडानं म्हणवेना, म्हणून आधी मायक्रोवेव्ह काढला, मग मासे, मग कुंड्या, असं करत करत माझ्यापर्यंत आले. किती लांबून आले हो.

थांबलं. श्श. पाय हलवू नका.

— काय? काय म्हणालात? … ऐकू येतंय, बोला, मी इथेच आहे … नावं? … दोघांची. दोघांची घाला ना, मी काय इथे जिन्यावर राहू शनिवारी? … हो, तुमचं आधी. … नाही, वर क्रेनवर कशाला चढावं लागेल, खालूनच बघायचं असतं. … लिहा. … कुणी नाही इथे, मी एकटीच आहे.

लागले परत लिहायला. ऐका. कसा पाऊल टाकल्यासारखा चाललाय बघा आता. अजून पाठवलेलं नाही, पाठवण्याचं बटण ते मुठीनं मारतात, कळतंच. अजून मारलेलं नाही.

उठा तुम्ही. नाही, डबा नाही उघडायचा. कोड नको. हे परत न्या. हो, परत — मीच मागवलंय, मीच नको म्हणतेय. वायरचा आला की मला पुन्हा त्या खुर्चीत बसता येईल, आणि मग काय उपयोग? बिघडलेलाच बरा आहे तो. तुमच्या त्या यंत्रात काय लिहायचं असतं, घरी कुणी नाही? तेच लिहा. खोटं कसलं, मी बाहेरच आहे की. जा आता. लिफ्टनं नको, ती खालपर्यंत कण्हत जाते. जिन्यानं जा. आणि हे बघा, राग मानू नका भाऊ — बूट हातात घ्या.