सामानापाशी कोण?

"सामानापाशी बसायला मुलगी अगदी छान आहे हो!"

हे कोणी म्हटलं म्हणता? आमच्या सासूबाईंनी. कोणाला? फोनवर त्यांच्या बहिणीला. आणि मी कुठे? पलीकडच्या खोलीत, तोंडात टूथपेस्टचा फेस, आणि हॉटेलच्या भिंती म्हणाल तर नुसता पुठ्ठा! आता तुम्हीच सांगा, नव्या सुनेबद्दल माणसं काय काय बोलतात, आगाऊ आहे म्हणतात, देखणी आहे म्हणतात, निदान झोपाळू तरी म्हणतात... माझ्या वाट्याला काय? सामानापाशी बसायला छान! बरं, खोटं आहे म्हणावं, तर तेही नाही.

तुम्हाला सांगते, मी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. म्हणून लग्नानंतर कुठे जायचं असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा आयुष्यातला पहिला हट्ट केला. समुद्र. बरं म्हणाला. मग दोन दिवस नुसताच घुटमळला आणि मग म्हणाला, आईबाबाही येतील म्हणतायत, बाबांना एका किनाऱ्यावरच्या महायुद्धातल्या लढाईच्या जागा पुन्हा बघायच्या आहेत, तुला चालेल ना? मी काय म्हणणार? म्हटलं, चालेल.

आता आमच्या सासरेबुवांचं एक तत्त्व आहे. सामान डोळ्याआड करायचं नाही. कधीकाळी कुठल्याशा स्टेशनवर त्यांची एक पिशवी गेली, तिच्यात होतं काय, तर दाढीचा ब्रश आणि एक मफलर, पण सांगतात असे की जणू घराण्याचा खजिनाच लुटला गेला! त्यामुळे हॉटेलवाल्यावर विश्वास नाही, लॉकरवर तर मुळीच नाही, आणि मुक्काम मात्र रोज नव्या गावाला. सकाळी खोली सोडायची, बसमधून उतरायचं, बॅगांचा ढीग घालायचा, आणि मग बाबा गळ्यातली दुर्बीण सरळ करून विचारणार, "सामानापाशी कोण?" प्रश्न सगळ्यांना हं, बघायचं माझ्याकडे. मी काय म्हणणार? म्हटलं, चालेल, बसते.

तर असा मी तो किनारा पाहिला! पहिलं गाव म्हणे फार जुनं, दगडी तटबंदी, बोळ, घड्याळाचा मनोरा... मला विचाराल तर तिथल्या बसस्टँडवरचं तिसरं बाकडं डुगडुगतं. दुसऱ्या गावी टेकाडावर तोफा. प्रचंड तोफा, तोंडं समुद्राकडे. मी खाली, भिंतीच्या अलीकडे. समुद्राचा आवाज येत होता हो! वाऱ्याला खारट वास, ओठांवर जीभ फिरवली तर तिथेही खारट, आणि मध्ये ही एवढी जाड काँक्रीटची भिंत, युद्धात शत्रूला थोपवायला बांधलेली. शत्रू थांबला की नाही मला माहीत नाही. मी थांबले.

नवरा परत आला, म्हणाला, अगं तू फार मोठं काहीतरी चुकवलंस. मग शेजारी बसून फोनवर दाखवायला लागला... हा समुद्र, हाही समुद्र, हा जरा तिरका आलाय, आवडला ना? मी काय म्हणणार?

मग ते युद्धाचं संग्रहालय. जमिनीखाली, बुटकं छत, ओलसर वास. पाऊस होता म्हणून सामानासकट मला आत घेतलं आणि एका अंधाऱ्या कोपऱ्यात रिकामं बाकडं दिसलं तिथे बसवलं. शेजारी मेणाची माणसं, गाठोडी घेऊन बसलेली. तेवढ्यात एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांनी चष्मा लावून पाटी वाचली, 'गाव सोडून जाणारी कुटुंबं.' आजी माझ्याजवळ वाकल्या. म्हणाल्या, "हिचा चेहरा बघा किती उतरलेला केलाय, हुबेहूब!" आणि माझा फोटो काढला! तुम्ही म्हणाल, हलायचं ना बाई! हलले असते हो, पण त्या दचकून पडल्या असत्या म्हणजे? श्वास रोखून बसले. ते गेल्यावर शेजारणीकडे पाहिलं. मेणाची बाई, मांडीवर मेणाचं गाठोडं, नजर दाराकडे. युद्ध संपलं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिथे बसून मी एक वाक्य तयार केलं. उद्या मी बसणार नाही. मनात घोळवलं, चढ्या आवाजात, खालच्या आवाजात, 'हं बाबा' लावून, न लावता.

शेवटचा दिवस. वाळूचा किनारा, आभाळ राखाडी, माणूस नाही. रस्त्याकडेला सामान उतरवेपर्यंत सासूबाई चपला काढून सरळ पाण्याकडे निघालेल्या! मी बघतच राहिले. घोट्यापर्यंत पाण्यात गेल्या आणि लाट आली तशी खुदकन हसल्या, कॉलेजातल्या मुलीसारख्या. ओरडून म्हणाल्या, "अय्या, पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं!"

नवरा म्हणाला, "आई, असं काय? बाबांबरोबर तू आली आहेस की इथे आधी."

"आले होते रे," त्या म्हणाल्या. "सामानापाशी होते."

हे त्यांनी कुरकुर न करता सांगितलं हो, आजचा वार सांगावा तसं. माझ्या डोक्यात फोनवरचं ते वाक्य पुन्हा वाजलं... बसायला छान आहे हो! त्या मला नावं ठेवत नव्हत्या. त्या सुटल्या होत्या!

आणि नेमकी तेव्हाच बाबांनी दुर्बीण सरळ केली. "सामानापाशी कोण?"

सासूबाई वळल्या. त्यांच्याही नकळत, पाण्यातून पाय उचलून, ओल्या पावलांनी बॅगांकडे निघाल्याच! सवय हो, दुसरं काय. माझं वाक्य तयार होतं. पाणी समोर होतं, पन्नास पावलांवर, मध्ये भिंतही नव्हती. मी तोंड उघडलं, कधी नव्हे ते तिघेही माझ्याकडे बघायला लागले, आणि तुम्हाला सांगते, मी त्या निळ्या बॅगेवर बसले आणि म्हटलं,

"आई, तुम्ही जा अजून पुढे. आज मी आहे सामानापाशी. पुढच्या खेपेला बाबा."